माणिकबाईंच्या मेथीचं लेबल

त्या रविवारी अकोल्यात माणिकबाईंच्या एकोणतीस पिशव्यांपैकी सव्वीस पिशव्या कोणी घेतल्या नाहीत. ज्या तिघींनी घेतल्या त्यांतली एक माझी मुलगी गीतांजली होती आणि दुसरीनं चष्मा लावला नव्हता. तिसरीनं का घेतली, ते मला अजून कळलेलं नाही.

भाजी तीच होती. वलगावजवळच्या वावरातून तोडलेली मेथी, पालक, वांगी आणि कोथिंबीर. फरक एवढाच की या वेळी ती टोपलीत उघडी नव्हती. तपकिरी कागदाच्या बंद पिशव्यांत होती, आणि प्रत्येक पिशवीवर मी लिहिलेलं लेबल होतं.

झालेलं क्रमानं सांगतो. अमरावतीच्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी नसेल तर ते पुस्तक कपाटात असूनही हरवलेलं, असं मी नव्या शिपायांना सांगत असे. या सवयीनंच मला इथवर आणलं असावं. दुसरंही काही कारण असेल, मला नक्की सांगता येत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या 'हरितमाय' नावाच्या कंपनीची भाजी खोक्यात भरून घरपोच येऊ लागली. मी छापलेलं सगळं वाचतो, औषधाच्या घडीच्या कागदापासून किराण्याच्या पुडीपर्यंत. हरितमायच्या खोक्यावर चांगलं मराठी होतं. 'या मातीला आम्ही विष पाजत नाही,' असं पहिलंच वाक्य. बाजूला पांढऱ्या फेट्यातल्या एका शेतकऱ्याचा फोटो आणि खाली 'आमचे सहदेवभाऊ'. मला हे सहदेवभाऊ फार आवडायचे. खोकं रिकामं झालं तरी तो फोटो केरात टाकवत नसे.

गीतांजली अकोल्याला जठारपेठेत राहते. तिच्याकडे गेलो की मी ते खोकं तिच्या शेजारणींना वाचून दाखवत असे. एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण हातात छापील काही असलं की धीर येतो. महिन्याभरात त्या इमारतीत आणि बाजूच्या इमारतीत सगळीकडे हरितमाय सुरू झालं.

मग गेल्या दिवाळीच्या सुमाराला कोणीतरी मोबाईलवर चित्रण फिरवलं. हरितमायच्या गोदामात बाजार समितीतून आलेली क्रेटं फोडून तीच भाजी खोक्यांत भरत होते. कंपनीनं खुलासा छापला. तोही चांगल्या मराठीत होता.

तो खुलासा वाचून मी गाडगेनगरच्या कडुनिंबाखाली भाजी घ्यायला गेलो. तिथे माणिकबाई सोमवारी आणि गुरुवारी बसत. पिशवीत हरितमायचं खोकं होतं, ते त्यांनी पाहिलं.

"हा कोन सहदेव?" त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "हा त आमच्या भाच्याच्या लग्नात बँडवर क्लॅरिनेट वाजवत होता. धामनगावचा हाये. वाजवते मात्र मस्त!"

मी खोकं पिशवीत खाली दाबलं. मग विचारलं, "माणिकबाई, तुम्ही फवारता का हो?"

"औषध?" त्या हसल्या. "फवारू कायले? कीड बी खाईन, तुमी बी खासान."

दुसऱ्या भाजीवाल्या किडीनं खाल्लेलं पान जुडीच्या आत दडवतात. माणिकबाई ते मुद्दाम वर घेऊन बांधत. भोकं पडलेलं पान सगळ्यात बाहेर. मला वाटलं, याहून मोठा पुरावा काय असणार! त्या दिवशी मी तीन जुड्या घेतल्या आणि थेट अकोल्याला गेलो.

गीतांजलीच्या शेजारी ज्योत्स्नाताई राहतात. त्या शाळेत गणित शिकवतात. त्यांनी मला दारातच धरलं. "काका, तुमच्या नादानं दोन वर्षं दुप्पट भावानं बाजारचीच भाजी खाल्ली आम्ही."

मी मेथीची जुडी पुढे केली आणि भोकं दाखवली. त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "बरं. आणा त्यांना एका रविवारी."

असं ते सुरू झालं. माणिकबाई दर रविवारी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून दोन मोठ्या टोपल्या घेऊन यायच्या. बायका खाली उतरून पान बघून भाजी निवडायच्या. घरं वाढत एकोणतीस झाली. माणिकबाईंनी हरभऱ्याचं एक एकर मोडून तिथेही मेथी-पालक लावला आणि गाडगेनगरची बसायची जागा सोडली. ती लगेच दुसऱ्या बाईनं घेतली.

मला फार समाधान वाटत होतं. हरितमायच्या वेळची माझी चूक भरून निघते आहे असं वाटत होतं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण एका रविवारी नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "ह्यांची भाजी ओळखायची कशी? नाव-गाव काहीच नाही." माझ्या मनात पाठीवर चिठ्ठी नसलेलं पुस्तक आलं. माणिकबाईंना काही न सांगता मी इतवाऱ्यात गयासुद्दीनभाईंच्या छापखान्यात गेलो. कॉलेजची ग्रंथालयाची कार्डं तेच छापत. चार ओळी मी रात्रभर घासूनपुसून लिहिल्या होत्या. पहिला शब्द होता 'विषमुक्त'. "एखाद्या पानाचं चित्र टाका वर," मी म्हटलं, आणि गयासुद्दीनभाई म्हणाले, "पान है ना अपने पास, एकदम ताजा."

रविवारी पहाटे बडनेऱ्याच्या फलाटावर मी लेबल चिकटवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा माणिकबाईंपुढे ठेवला. त्या बुचकळ्यात पडल्या, पण गाडीत माझ्याबरोबर भाजी भरायला लागल्या. "तुमी शिकेल मानूस हाये," एवढंच म्हणाल्या.

जठारपेठेत पहिली पिशवी ज्योत्स्नाताईंनी उचलली.

"काका, हे कोणाचं?"

"माणिकबाईंचं. नेहमीचंच."

"नेहमीचं कुठे? नेहमी टोपलीत असते. दिसते तरी." त्या पिशवी घेऊन वर गेल्या आणि हरितमायचं एक जुनं खोकं घेऊन खाली आल्या. त्यात त्यांनी शिवणाचे दोरे ठेवले होते. खोकं आणि पिशवी त्यांनी शेजारी शेजारी धरली. "पान पाहा."

दोन्हींवर एकच पान होतं. देठाचा बाक तोच आणि टोकाची मुरडही तीच.

"दवाचे थेंबसुद्धा तीन," गणिताच्या बाई म्हणाल्या.

वरच्या गॅलरीतून कोणी तरी ओरडलं, "काय झालं व ज्योत्स्ना? हरितमाय पुन्हा आलं काय?"

"आलं! नाव बदलून आलं!"

"नाही, नाही," मी म्हटलं. "पान कसं तेच आलं मला माहीत नाही. पण शब्द माझे आहेत."

"तेव्हाही तुम्हीच वाचून दाखवले होते, काका." त्या चिडून बोलत नव्हत्या, त्यामुळे मला जास्त लागलं. "एक सांगा. विषमुक्त लिहिलंत, तर ह्यांचं शेत पाहिलंत का तुम्ही?"

मी पाहिलं नव्हतं. वलगाव माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि मी तिथे कधी गेलो नव्हतो.

गीतांजली मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे? टोपलीतली भाजी लोक घेतच होते ना?"

माणिकबाई जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. त्यांनी एक पिशवी मांडीवर घेतली होती आणि अक्षर अक्षर लावून वाचत होत्या. "वि-ष-मुक्त. म्हंजे काय, भाऊ?"

"विष नसलेलं."

"मंग पहिले काय होतं त्यात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इतके दिवस मी मेथी म्हनून मेथी इकली. कोनी इचारलं नाई. तुमी विषाचं नाव काहून काढलं मधातच?"

 त्यांनी पिशव्या फाडल्या, भाजी लुगड्याच्या गाठोड्यात बांधली आणि अकोला स्टेशनबाहेर येईल त्याला मिळेल त्या भावात देऊन टाकली. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत त्या मिळालेले पैसे मोजत होत्या. मग खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "निंबाखालची जागा गेली माही. वावरात एक एकर मेथी उभी हाये. दोन हप्त्यात फुलावर येते, मंग ढोरंच खातेत. हे एकोनतीस घरं गेले त मी कुठी बसू, सांगा बरं."

दुसऱ्या दिवशी मी गयासुद्दीनभाईंकडे गेलो.

"वो पान?" ते म्हणाले. "कंप्यूटर में पडा था. हरितमाय का काम अपनेच करत होतो ना."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कुठी, साहेब? पान तो पान होता है." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "यही पान मैने पिछले साल फवाऱ्याच्या औषधाच्या दुकानाले लगाया. त्याच्या आधी एक साडी सेंटरले. लोक आते, कहते, भाई, जरा हरा-हरा करो. मी करून देतो. झूठ मैने थोडी लिखा? झूठ तो लोग लिख के लाते." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमचं झूठ नाई म्हनून राहिलो मी. तुमचं खरं असेल."

असेल. तो शब्द घेऊन मी मंगळवारी वलगावला गेलो.

मला पाहून माणिकबाईंनी विळा खाली ठेवला. "या. आता कायले आले?"

"शेत पाहायला."

"लेबल लावून झाल्यावर?"

वावर सुंदर होतं असं लिहिण्याचा मोह होतो, पण मला त्यातलं कळत नाही. मेथी हिरवी होती. कुठे कुठे पानांना भोकं होती, पण मला वाटलं होतं त्याहून कमी. कमी असणं चांगलं की वाईट, हे मला ठरवता येईना. मग मी झोपडीत डोकावलो. खुंटीला पाठीवरचा फवारणीचा पंप लटकत होता.

मी पंपाकडे बोट केलं. "तुम्ही तर म्हणाला होता फवारत नाही."

"औषध फवारत नाई. हा निंबोळीचा अर्क होय. उन्हाळ्यात वेचतो, कुटून ठेवतो, रातभर भिजवतो अन् मारतो. वास घ्या ना."

मी नाक लावलं. कडवट, उग्र वास होता, निंबोळीचाच असावा. त्याखाली आणखी काही होतं का? जितका जास्त वेळ वास घेतला तितकं मला कमी कळू लागलं. खाली कोपऱ्यात एक प्लास्टिकची बाटली होती. तिच्यावरचा कागद अर्धा फाटलेला होता, पण उरलेल्या अर्ध्यावर विषाची खूण असलेला लाल त्रिकोण दिसत होता.

"ही?"

"हे वावर पहिले कपाशीचं होतं. तवाची बाटली हाये. अर्क मोजाले ठेवली."

"विषाच्या बाटलीनं?"

"पाच वर्षं धुऊन राहिलो, भाऊ. त्यात आता काय ऱ्हाते?"

राहतं की नाही, मला माहीत नाही. बांधापलीकडे दुसऱ्याचा हरभरा होता. एक माणूस तोंडाला फडकं बांधून त्यावर फवारत होता. वारा आमच्याकडे होता. माणिकबाईंनी माझी नजर पाहिली आणि म्हणाल्या, "घाटेअळी हाये त्याच्या हरभऱ्यावर. वारा मले इचारून येते काय?"

शेवटी मी ज्या गोष्टीवर उभा होतो तीच विचारली. "माणिकबाई, किडीचं पान तुम्ही जुडीच्या वर का बांधता?"

"वर नाई बांधलं त बाया घरी जाऊन जुडी सोडतेत, आत कीड पाहतेत, अन् पुढल्या बाजारी भांडाले येतेत. पहिलेच दाखवलं की भांडन नाई."

म्हणजे ते पान पुराव्यासाठी नव्हतंच. मी ते तसं वाचलं होतं. बांधावर बसून मी विचार करू लागलो. ही बाई खोटं बोलत नव्हती, पण माझ्या चार ओळी खऱ्या नव्हत्या. हरितमायच्याही खऱ्या नव्हत्या. दोन्ही खोट्यांत फरक होता हे मला आतून कळत होतं, पण ज्योत्स्नाताईंनी विचारलं असतं तर तो मला सांगता आला नसता.

माझ्याजवळ वही होती. "मी पाहिलं तेवढंच लिहितो," मी म्हटलं. "तुम्ही ऐका. नको म्हणालात तर फाडून टाकतो."

मी लिहून वाचून दाखवलं:

"माणिकबाईंचं वावर मी मंगळवारी पाहिलं. झोपडीत फवारणीचा पंप आहे. त्याला निंबोळीचा वास येत होता. आणखी कशाचा येत होता का, ते मला सांगता येत नाही. रासायनिक औषधाची एक रिकामी बाटली आहे. ती जुनी आहे असं त्या सांगतात. किडीचं पान त्या भांडण टाळण्यासाठी वर बांधतात, तो पुरावा नाही. मी शेतीतला जाणकार नाही. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. हरितमायबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते नुसतं खोकं वाचून सांगितलं होतं."

माणिकबाईंनी मेथीचा एक शेंडा खुडला. "अशानं कोनी घेईन?"

"माहीत नाही."

"वाऱ्याचं नाई लिवलं तुमी."

"लिहू?"

"लिवा. त्याचा फवारा तं साऱ्या गावाले दिसते. लपवून मले काय भेटते?"

रविवारी टोपल्या पुन्हा उघड्या होत्या. कागद मी जिन्याजवळ, पाण्याच्या वेळा लिहितात त्या फळ्यावर लावला आणि मागे जाऊन उभा राहिलो. बायका वाचू लागल्या. एकीनं पंपाचं वाचलं आणि तशीच वर निघून गेली. दोघी-तिघी तिच्या मागे गेल्या.  हे मी काय करून बसलो, असं वाटलं.

ज्योत्स्नाताईंनी कागद दोनदा वाचला. "काका, 'सांगता येत नाही' असं लिहून कोणी भाजी विकतं का?"

"मी विकत नाही," मी म्हटलं. "त्या विकतात."

"अन् ह्या मोतीबिंदूचं इथे काय काम?"

"तोही खरा आहे."

त्या हसल्या असाव्यात, चेहरा पलीकडे होता. मग त्या टोपलीपाशी बसल्या आणि माणिकबाईंना विचारलं, "बाटली खरंच जुनी आहे?"

"तुमच्या पोरीएवढी नसन, पन जुनी हाये."

"फेकून का नाही देत?"

"चांगल्या बाटल्या फुकट भेटतेत काय, बाई?"

ज्योत्स्नाताईंनी दोन जुड्या घेतल्या. उठताना मला म्हणाल्या, "विश्वास बसला म्हणून घेत नाहीये, काका. लक्षात ठेवा. पुढच्या रविवारी काय लिहिता ते पाहायचं आहे."

एकूण नऊ घरांनी भाजी घेतली. त्यांनी का घेतली आणि वीस जणींनी का नाही घेतली, हे मला नीट सांगता येणार नाही. एक बाई म्हणाली की विषमुक्त वाचून वाचून कंटाळा आला होता. दुसरी म्हणाली, वांगी ताजी आहेत.

गाडीत माणिकबाई म्हणाल्या, "नवानं पुरत नाई. पन एकदम शून्य बी नाई." मग म्हणाल्या, "मंगळवारी या. ते बाई वाट पाहीन तुमच्या कागदाची. अन् चष्मा पुसून या."

मंगळवारी मी गेलो. मेथीच्या शेंड्यांना कळ्या दिसू लागल्या होत्या. पलीकडच्या हरभऱ्यात कोणी नव्हतं. झोपडीत पंप खुंटीला होता, पण खालचा कोपरा रिकामा होता. नवा पांढरा प्लास्टिकचा मग तिथे ठेवला होता.

"बाटली कुठे गेली?"

"फेकली." माणिकबाई खुशीत होत्या. "तुमी लिवलं, ते बाई बी बोलली. म्हनलं, खराब दिसते त कायले ठेवा? आता चांगलं दिसते ना?"

चांगलं दिसत होतं. मी वही काढली आणि लिहिलं, 'बाटली आता नाही.' मग ते वाक्य वाचलं. वाक्य खरं होतं. तरी ते वाचताना मला त्या पांढऱ्या फेट्यातल्या माणसाची आठवण का झाली, ते कळेना. हरितमायमध्येही पहिल्या दिवशी कोणी तरी असंच म्हणालं असेल का, हे खराब दिसतं, काढून टाका? की हा माझा नुसता वेडेपणा? विषाची बाटली फेकली ही तर चांगलीच गोष्ट. मी पुन्हा पुन्हा तसं स्वतःला सांगून पाहिलं.

"माणिकबाई," मी शेवटी म्हटलं, "कुठे फेकलीत?"

"नाल्याकडे. काहून?"

"ती परत आणता येईल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली पाहू लागलो. "तुमचं डोकं ठिकानावर हाये ना, गोपालभाऊ? आधी म्हनता विषाची बाटली, आता म्हनता परत आना."

"वापरू नका. अर्क मगानंच मोजा. पण बाटली तिथे राहू द्या. मला नीट सांगता येत नाही का ते. मी लिहितो म्हणून इथलं काही हलायला नको, एवढंच."

त्या कपाळावर हात मारून उठल्या. "शिकेल मानसाचं काई समजत नाई, बाप्पा," असं पुटपुटत नाल्याकडे गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो. काठावरच्या बेशरमाच्या झुडपात बाटली अडकली होती. त्यांनी काठीनं ओढून ती काढली आणि माझ्या हातात दिली.

अर्धा कागद आणि लाल त्रिकोण तसाच होता. मी ती झोपडीत नेऊन कोपऱ्यात मगाशेजारी ठेवली. मग वहीतलं वाक्य खोडून लिहिलं: 'बाटली रविवारी की सोमवारी फेकली होती,' आणि थांबलो.

"माणिकबाई, कोणत्या वारी फेकलीत?"

"सोमवारी. लिवा, लिवा. तुमी आनाले लावली ते बी लिवा."

मी तेही लिहिलं.